माळावर मी जे बोलले

मला राग लवकर येतो आणि आलेला राग मी गिळत नाही. साताऱ्यात माझं स्टेशनरीचं दुकान आहे, तिथली गिऱ्हाइकंसुद्धा हे ओळखून आहेत. पण कवठे महांकाळच्या बाहेर त्या माळावर मी जी आगपाखड केली, तिची लाज अजून जात नाही. आठवलं की पुन्हा रागच येतो, आता स्वतःचा.

वर्षातून एकदा त्या माळावर हौशी लोकांच्या मोटारींच्या शर्यती होतात. मुरमाचा ट्रॅक, कडेला जुन्या टायरांची रांग, आणि दोन दिवस नाकातोंडात धुरळा. सांगली, कोल्हापूर, फलटणकडची माणसं जुन्या गाड्या ठाकठीक करून आणतात. बक्षीस म्हणजे एक ढाल. मी बेचाळीस वर्षांची, आणि चालवणाऱ्यांत एकटीच बाई. माईकवरचा माणूस दर पाच मिनिटांनी ‘आपल्या ताईंसाठी जोरदार टाळ्या’ म्हणत होता. बाकी कुणासाठी त्यानं टाळ्या मागितल्या नाहीत. मी गाडी पळवायला आले होते, हळदीकुंकवाला नव्हे. सकाळी आठपासूनच माझं डोकं तापलेलं होतं.

माझ्या गाडीचं इंजिन चाचांनी बांधलेलं. चाचा म्हणजे आमच्या पेठेतले मिस्त्री, साठी ओलांडलेले. वडिलांची गाडी तेच बघायचे, आणि मला पान्यांचे नंबर त्यांनीच शिकवले. हल्ली गाड्यांना आधी कॉम्प्युटर लावतात, मग हात लावतात. त्यामुळे त्यांच्याकडचं काम आटत चाललं होतं. गॅरेज विकून टाका म्हणून मुलगा मागं लागला होता. सांगलीच्या दोघा भावांकडे शर्यतीच्या दोन गाड्या होत्या. त्यांनी महिन्यापूर्वी आमचं इंजिन ऐकलं आणि चाचांना सांगितलं, की शनिवार-रविवार हे टिकलं, तर आमच्या दोन्ही गाड्या तुमच्याकडे. चाचांना वर्षभर पुरेल एवढं काम. शर्यतीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ढालीचं मला फारसं काही नव्हतं, मला त्या दोन गाड्या चाचांच्या दारात बघायच्या होत्या.

शनिवारी आई मिरजेहून, मावशीच्या घरून आली. माझ्या शर्यतींच्या नावानं तिनं आजवर नाकच मुरडलं होतं. बघायला ती पहिल्यांदाच येत होती. येताना पूजेचं ताट घेऊन आली. बॉनेटवर हार घालून तिचं भागेना. खरं यंत्र आत आहे म्हणाली. बॉनेट उघडायला लावलं, आणि खंडेनवमीला अवजारांना घालतात तसा इंजिनलाही झेंडूचा छोटा हार घातला, कुंकू लावलं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. चाचा दोन पावलं मागं सरून उभे होते. तेवढ्यात माईकवर माझा नंबर पुकारला. बॉनेटवरचा मोठा हार मी काढून आईच्या हातात दिला, बॉनेट आपटून बंद केलं आणि आत बसले.

तिसऱ्या फेरीत तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. चौथ्या फेरीत बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी वळणावरच बसली. चार जणांनी ढकलत बाहेर काढली. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता, आणि त्यापायी इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं, गॅस्केट जळलं होतं. ‘ताईंची गाडी दमली वाटतं,’ असं माईकवरून आलं, आणि सगळा माळ हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाचा पुढं आले तशी मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर तुटून पडले. सांगलीचे दोघं भाऊ तिथंच उभे होते.

“तीस वर्षं धंदा करून साधा पंखा बसवता येत नाही? गॅरेजला कुलूप लावा आणि घरी बसा.”

 चाचांनी बाह्या वर केल्या, पंखा सोडवला आणि मला खुणेनं गाडीच्या पलीकडच्या बाजूला बोलावलं. त्यांच्या तळहातावर काळा पडलेला दोरा होता आणि त्यात झेंडूच्या चार-पाच पाकळ्या. इंजिनवरचा हार घसरून पंख्यात गेला होता आणि दोरा त्याच्या दांड्याला गच्च गुंडाळला होता.

“चाचा, तुम्ही बघितला होता ना हार? मग बोलला का नाहीत?”

“पूजेचं हुतं ताई. त्यात मी कसा हात घालू? तुमी काढशीला म्हनून थांबलो, तवर तुमी बॉनेट लावलंसा.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आईस्नी सांगू नका. पयल्यांदाच आल्यात त्या बघायला.”

आई दहा पावलांवर सतरंजी टाकून डबे उघडत होती. खरं मोठ्यानं बोलायचं तर तिच्यासमोर बोलावं लागणार होतं. मघाशी पन्नास माणसांत ओरडणारी मी, मूग गिळून बसले. चाचांनी दुपारभर उन्हात हेड उतरवलं, पोलादी पट्टी लावून ते सरळ आहे का तपासलं, बरोबर आणलेलं नवं गॅस्केट बसवलं. दिवस मावळायच्या आत इंजिन चालू झालं.

रविवारी स्टार्टर रुसला, गाडी ढकलून चालू करावी लागली. पाचव्या फेरीत क्लचची केबल तुटली. उरलेल्या तीन फेऱ्या मी क्लचशिवाय गिअर टाकत, दात खात मारल्या. इंजिननं मात्र एकदाही कुरकुर केली नाही. तिसरा नंबर आला. आई मावशीकडं परत गेली, तशी मी तडक सांगलीच्या भावांकडे गेले आणि हाराची सगळी हकीकत सांगितली. चूक आमच्या घरची आहे, चाचांची नाही, हेही सांगितलं.

थोरला हसला. “ऱ्हाऊ द्या ताई. काल तुमीच म्हनालासा की, कुलूप लावा म्हनून. म्हाताऱ्याला सांभाळून घेताय, चांगलं हाय. पन आमच्या गाड्या न्हाई द्यायच्या.”

मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. जितकी चिडले तितकं त्यांना ते खोटं वाटत गेलं. काल मी त्वेषानं बोललेलं त्यांनी एका दमात खरं मानलं होतं.

परतताना गाडी भाड्याच्या टेम्पोवर, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी चाचा आणि मी. कऱ्हाड मागं पडलं. मग त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, “सांगलीचं पावनं काय म्हनलं?”

“फोन करतो म्हणाले,” मी म्हणाले.

मंगळवारी क्लचची केबल बदलायला गाडी दोरीनं ओढून नेली. गॅरेजच्या पुढच्या बाजूला बारा वर्षं पडलेला भंगाराचा ढीग चाचांनी हलवला होता, फरशी धुऊन काढली होती. माझी गाडी त्यांनी बाहेर रस्त्याकडेला लावायला सांगितली. आतली जागा त्यांना दोन गाड्यांसाठी मोकळी हवी होती.