आठवी बस

माझ्या बायकोचे मामा जळगावात मेहरूणला राहतात, आणि त्यांनी आजवर कोणत्याही माणसावर, वस्तूवर किंवा बातमीवर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवल्याचे कोणी पाहिलेले नाही. दूधवाल्यावर सगळेच संशय घेतात, त्यात काही विशेष नाही. मामांचा संशय कॅलेंडरवरही असतो. त्यांच्या भिंतीवर दोन वेगवेगळ्या दुकानांची दोन कॅलेंडरे आहेत. दोन्हींत एकादशी एकाच दिवशी आली तर एकाने दुसऱ्याची नक्कल केली, आणि वेगळ्या दिवशी आली तर दोघांनाही काही कळत नाही, असा त्यांचा निकाल ठरलेला असतो. माझ्या लग्नाच्या आधी मी धुळ्यात खरोखरच शिक्षक आहे का, हे बघायला ते स्वतः माझ्या शाळेत आले होते. फाटकावरच्या शिपायाने सांगितले, "आहेत ना सर, आठवीच्या वर्गावर भूगोल शिकवताहेत." यावर मामा जळगावला परत येऊन म्हणाले, "शिपाई भलता लवकर बोलना. त्याले पढायेल व्हई." लग्न झाले, त्याला आता अठरा वर्षे होतील. शिपायाला मी पढवले नव्हते हे त्यांनी अजून मान्य केलेले नाही.

हा स्वभाव त्यांना धंद्याने दिला. मामा सोन्याचे कारागीर. चाळीस वर्षे एका पेढीच्या मागच्या खोलीत, मांडीवर चामडे पसरून, चिमटा आणि कानस घेऊन बसले. पुढे साच्यातून आणि मशिनीतून निघणारे दागिने आले, बारीक हातकामाची मागणी आटली, आणि मामा घरी बसले. मामी त्याच सुमारास गेल्या. मूलबाळ परगावी. दिवसभर संशय घ्यायचा तरी कोणाचा, असा प्रश्न उभा राहिला, आणि तो माझ्या शेजाऱ्यांनी सोडवला.

माझे धुळ्यातले शेजारी म्हणजे एक निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांनी घराच्या वरच्या खोलीत मोठ्या फळीवर अख्खी चाळीसगाव–धुळे लाइन मांडली आहे. म्हणजे होती. रूळ, सिग्नल, फाटक, मालधक्का, पाण्याची टाकी, सगळे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. गाडी शिट्टी देऊन फलाटाला लागायची, आणि मास्तर स्वतःच तोंडाने घोषणा करायचे. त्यांना एकच खंत होती. "गाडी आली, उतारू उतरले, आता घरी जाणार कशाने? स्टेशनाबाहेर चौक रिकामा आहे." बाजारात मिळणाऱ्या छोट्या बस त्यांनी मागवून पाहिल्या, पण त्या परदेशी, दार उजवीकडे. "उतारू भर रस्त्यात उतरतील हो," मास्तर कळवळून सांगायचे. त्यांना डाव्या दाराची, आपल्याकडची, साधी शहर बस हवी होती.

मी हे मामांना सहज सांगितले. मामांनी ताबडतोब विचारले, "रेल्वेवालाले बसनं काय काम?" मी समजावले. ते म्हणाले, "रेल्वे शे तरी का खरी?" मी फोनवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा पाहिला आणि व्हिडिओत काहीही दाखवता येते असे सांगून फोन परत दिला. पण चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला, की बसच्या दोन चाकांत अंतर किती असते.

तेव्हापासून त्यांनी कामाला जी सुरुवात केली, ती सोन्याच्या कामासारखीच. पितळी पत्र्याचा सांगाडा, खिडक्यांना गोळ्यांच्या पाकिटाचे पारदर्शक प्लास्टिक, आणि टायर ठिबकच्या नळीचे. बारा मिलिमीटरची ठिबकची नळी आडवी कापली की बरोबर बसचा टायर होतो, हा शोध जळगावच्याच माणसाला लागू शकतो. बस तयार झाली की लांबीला वेलची केळ्याएवढी भरायची. मापे घेण्यासाठी ते नाशिकला एका लग्नाला गेले, आणि मुहूर्ताच्या वेळी मांडवात कुठेच सापडेनात. शेवटी ते शहर बसच्या थांब्यावर भेटले, एका कंडक्टरच्या आणि पोलिसाच्या मध्ये. टेप दिसला तर लोक संशय घेतील म्हणून त्यांनी गाठी मारलेली दोरी नेली होती. बसखाली वाकून दोरी धरणाऱ्या धोतरातल्या म्हाताऱ्याचा संशय कोणालाही येईल, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नव्हते. पोलिसाला त्यांनी सांगितले की दोरी खाली पडली होती. मी जाऊन सोडवले, तर मला म्हणाले, "हाऊ पोलीस खरा नही वाटत."

बस धुळ्याला न्यायचे काम माझ्याकडे होते. मामा प्रत्येक बस हाराच्या लाल मखमली डबीत ठेवून द्यायचे. जळगाव–धुळे एसटीत मांडीवर तसली डबी घेऊन बसले की काय होते ते मी सात वेळा भोगले आहे. एरंडोलपर्यंत लोक डबीकडे बघायचे आणि पारोळ्यानंतर माझ्याकडे. एका बाईने तर पिशवी पुढे केली, "भाऊ, हाई उघडं नका लई फिरू. पिशवीमा ठेवा." आत शहर बस आहे असे सांगितल्यावर त्या खिडकीकडे सरकून बसल्या.

मामांच्या घरी बस बघायला गेलेल्या माणसालाही काही कमी सोसावे लागत नसे. आधी बस दागिन्यांच्या काट्यावर चढायची, वजन वहीत नोंदले जायचे, मग ती तुमच्या हातात यायची, आणि तुमच्या हातून परत घेऊन पुन्हा काट्यावर जायची. निघताना दाराजवळ पाण्याची परात. सोन्याच्या कारखान्यात कारागीर घरी जाताना परातीत हात धुतो, म्हणजे नखात आणि रेषांत अडकलेली धूळ पाण्यात उतरते आणि मालकाची मालकाकडे राहते. तिथले झाडलेले सुद्धा फेकत नाहीत, झारेकरी येऊन ते विकत घेतात आणि धुऊन त्यातून सोने काढतात. मामांनी ही सगळी व्यवस्था प्लास्टिकच्या भुश्याला लावली. टेबलावरचा कण न् कण ब्रशने गोळा करून ते एका डब्यात भरून ठेवत. "मामा, हा भुसा कोण घेणार?" असे मी एकदा विचारले. "रीत शे. हात धुई टाका," एवढेच उत्तर मिळाले. मी हात धुतले, पण दर वेळी मला आत कुठेतरी झोंबायचे. भाचीच्या नवऱ्याला कोणी चोर समजते का?

दोन वर्षांत सात बस धुळ्याला गेल्या. दोघे म्हातारे एकमेकांना भेटले नव्हते, सगळा व्यवहार माझ्यामार्फत. पण मी सांगतो, ती दोन वर्षे मामा जितके आनंदात होते तितके मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. "मास्तर काय म्हने?" हा प्रश्न माझी चप्पल काढून होण्याआधी यायचा. त्यांना माणूस मिळाला होता. आणि त्या माणसाला बारीक काम कळत होते, हे तर फारच झाले.

आठवी बस तयार झाली तेव्हा मास्तर स्वतः जळगावला आले. लाल रंग, पाटीवर 'रेल्वे स्टेशन–मेहरूण', आणि दोन्ही बाजूंना आरसे, अर्ध्या ज्वारीच्या दाण्याएवढे. दोघे तासभर बोलत बसले. मास्तरांनी बस डोळ्यांजवळ धरून फिरवून फिरवून पाहिली, आणि मामांचा चेहरा मी पाहत होतो. मग निघायची वेळ झाली आणि मामांनी परात पुढे सरकवली.

मास्तरांनी विचारले, "हे कशासाठी?" मी घाईघाईने रीत समजावून सांगितली आणि तिथेच घात केला. मास्तर उभे राहिले. "मी चाळीस वर्षं लोकांचं सामान सांभाळलं," ते शांतपणे म्हणाले, "माझ्या हातांना पाणी लावायची गरज नाही." आणि ते आठवी बस तशीच सोडून, कोरड्या हातांनी निघून गेले. मी त्यांना स्टँडवर पोचवून परत आलो, तर मामा काट्यापुढे बसले होते. बसचे वजन शेवटच्या आकड्यात कमी भरले होते. डाव्या बाजूचा आरसा नव्हता.

"लई गया तुम्हना मास्तर," मामा म्हणाले.

त्यानंतर आठ महिने दोघांनी एकमेकांचे नाव काढले नाही. आठवी बस डबीत आणि डबी कपाटात. मामांनी नवीन काम धरले नाही. आम्ही गेलो की ते पंख्यावर संशय घेत, औषधावर संशय घेत, पण त्यात जीव नव्हता. धुळ्यात मास्तरही गाड्या चालवत, पण घोषणा करेनासे झाले. आरशावरून आलेला आळ मास्तरांच्या कानावर मीच घातला होता. चूक माझीही होती, आणि ती निस्तरायची कशी ते मला कळत नव्हते.

मग फाल्गुनात मास्तरांनी मला वर बोलावले. मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. तिथल्या फ्लॅटमध्ये एवढी फळी मावत नाही, तेव्हा लाइन मोडायची. "त्यांना म्हणावं, मोडायच्या आधी एकदा येऊन जा," मास्तर म्हणाले. "सात बस त्यांनी केल्या, आणि चौकात उभ्या असलेल्या एकदाही पाहिल्या नाहीत. आरशाचं मी काही बोलणार नाही."

मी बायकोला घेऊन जळगावला गेलो आणि निरोप सांगितला. मामांनी डोळे बारीक केले. "डाव शे. मी तिकडे जासू अन् आठवी बस आठे घरमा एकली." माझ्या बायकोचा संताप अनावर झाला. तिने भुश्याचा डबा उचलला, स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणली आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो भुसा चाळायला बसली. मामा ओरडत राहिले, ती चाळत राहिली. वीसेक मिनिटांनी गाळणीत काहीतरी चमकले. मामांनी चिमट्याने उचलून उजेडात धरले. आरसाच होता. त्या दिवशी टेबल झाडताना त्यांच्याच ब्रशने तो डब्यात गेला होता.

आरसा उलटसुलट करून पाहत मामा म्हणाले, "हाऊ त्यानीच मांगेतून टाकेल व्हई."

"मामा, आठ महिन्यांत ते इथे आलेत का?"

"कोनाजोडे धाडेल व्हई," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी उठून बाहेर जाणार होतो. तेवढ्यात ते खाली बघत, आम्हाला नाही तर त्या आरशालाच सांगावे तसे बोलू लागले. मामींच्या पहिल्या बाळंतपणाचा निरोप पेढीवर आला तेव्हा ते हात न धुताच घरी धावले होते. दुसऱ्या दिवशी मालात थोडी तूट निघाली. "कोनी काही बोलनं नही. सेठ बी नही. पन मंग माले बारीक काम देनं बंद. सात साल. हात धुनारावर कोनी बोट दाखाडत नही, म्हनीसन सांगस मी, हात धुवा." म्हणजे ती परात मामांच्या मालासाठी नव्हती, पाहुण्याच्या नावासाठी होती. मास्तरांवर आळ येऊ नये म्हणून पुढे केलेल्या परातीनेच आळ घातला होता. इतकी वर्षे मी त्या पाण्यावर चिडत होतो, याची मला लाज वाटली.

मग त्यांनी आरसा बसवर चिकटवला, डबी पिशवीत घातली आणि विचारले, "धुळानी गाडी कितला वाजता शे?"

धुळ्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मामा जिना चढले, दारातच थांबले आणि आधी चौकातल्या बस मोजल्या. सात भरल्या. मास्तर चाळीसगावकडची पॅसेंजर घेऊन आले, शिट्टी झाली, गाडी फलाटाला लागली, आणि मग त्यांनी एका बोटाने पहिली बस हळूच चौकातून पुढे ढकलली. मामा गुडघ्यांवर बसून फळीच्या कडेला डोळे लावून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी डबी उघडली आणि आठवी बस स्वतःच्या हाताने स्टेशनाच्या दारासमोर उभी केली.

"आरसा मन्हाच डबामा व्हता," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही एकमेव कबुली.

मास्तर वाकले. "दिसतोय. जरा वाकडा बसलाय."

मामांनी चिमटा काढला आणि आरसा सरळ केला. नंतर तीन तास दोघांचे भांडण चालले होते, की गाडी उशिरा आली तर बसने थांबायचे की निघून जायचे. निघताना मास्तर बस परत देऊ लागले तर मामांनी घेतल्या नाहीत. "स्टेशनबाहेर शोभस बस. घरमा मी काय करू?" चैत्रात लाइन मोडली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये फक्त स्टेशन आणि त्यापुढचा चौक एवढाच तुकडा मावला, आणि आठही बस मखमली डब्यांतून तिकडे गेल्या.

मामा आता बस करत नाहीत. दर रविवारी मला फोन मात्र येतो. सुरुवातीला हवापाण्याचे, औषधाचे बोलणे, आणि मग आवाज खाली आणून एकच चौकशी, "तठे दुसरा कोनी बस बनाडनारा भेटना का त्याले? पुनं मोठं गाव शे." मी सांगतो, कोणी भेटलेला नाही. त्यांना ते खरे वाटत नाही. मी मास्तरांच्या बाजूचा आहे, असा त्यांचा संशय आहे. गेल्या रविवारी मी म्हटले, "मामा, मी तुम्हाला नंबर देतो, तुम्हीच विचारा ना."

"मी फोन कया," मामा म्हणाले, "तं त्याले वाटी, मी वाट देखी ऱ्हायनू."

"मग नका करू," मी म्हटले. पण त्यांनी बराच वेळ फोन ठेवला नाही.