स्टेअरिंग जड येते

त्या वर्षी माझे रविवार आमच्या जुन्या विलायती मोटारीखाली पाठीवर पडून गेले. आठवडाभर शाळेत पोरांपुढे घसा कोरडा करायचा आणि सुट्टीच्या दिवशी तोंडावर ग्रीस पाडून घ्यायचं. साठ-एकसष्टची गोष्ट असेल. तेव्हा जी पाठ धरली, ती अजून सुटलेली नाही.

तक्रार वडिलांची होती. ते वकील. राहायला अकोल्यात, पण अमरावतीच्या कोर्टातल्या चार केसेस त्यांनी म्हातारपणीही सोडल्या नव्हत्या आणि दर सोमवारी स्वतः मोटार चालवत तिकडे जायचे. बस चालणार नाही, ड्रायव्हर तर मुळीच नाही. "ज्या दिवशी दुसरा कोणी मले कोर्टात नेऊन सोडील, त्या दिवसापासून कोट खुंटीवर," असं सगळ्यांना सांगायचे. ते आता म्हणायला लागले, "स्टेअरिंग जड येते."

गाडीचं वय झालेलंच होतं, तेव्हा शंका घ्यायचं कारण नव्हतं. पुढची चाकं ज्या जाड खुंट्यांवर वळतात, ते किंगपिन मी काढले. खरंच झिजले होते. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एक लेथवाला मिस्त्री होता. त्याच्याकडून नवे किंगपिन आणि त्यांच्याभोवती बसणारे पितळी बुश करवून आणले, ठोकून बसवले, ग्रीस भरलं. वडील गल्लीच्या टोकापर्यंत गाडी फिरवून आले.

"जडच आहे. पुढची तारीख."

घरातलं प्रत्येक काम त्यांच्या लेखी केस, आणि तारीख म्हणजे पुढचा रविवार. दुसऱ्या रविवारी, बुश घट्ट बसले असतील म्हणून ते काढून पुन्हा घासले. तिसऱ्या रविवारी स्टेअरिंगचा डबा उघडून तेल बदललं. चाकं जॅकवर उचलली की माझ्या एका बोटानं वळत होती. तरी तारीखच. घरी तपासायच्या वह्यांचा ढीग तसाच पडलेला. म्हातारा मुद्दाम छळून राहिला, असं मला वाटायला लागलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटत होतं.

चौथ्या रविवारी वैतागून मिस्त्रीलाच घरी घेऊन आलो. त्यानं गाडी एकदा गल्लीतून फिरवली. मग वडिलांना चालवायला बसवून स्वतः शेजारी बसला. मी मागे. वळण आलं तसे वडील दोन्ही हातांनी चाक ओढायला लागले. कोपरं थरथरत होती, पकड मध्येच सुटत होती. मी सदा मोटारीखाली, त्यामुळे महिन्याभरात त्यांना चालवताना एकदाही पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीनं गाडी थांबवायला सांगितली. "वकीलसाहेब, गाडीले काई नाई झालं," तो म्हणाला. "हात थकले तुमचे."

आमच्याकडे हे असं तोंडावरच सांगतात. वडिलांनी इंजिन बंद केलं. मग मागे न वळता मला विचारलं, "तुले काय वाटते?"

मी म्हणालो, "अजून एकदा उघडून पाहतो, बाबा."

"पाहून घे," ते म्हणाले. "पुढची तारीख दे."

सोमवारी ते बसनं गेले. अमरावतीला विचारणाऱ्यांना सांगितलं, गाडी दुरुस्तीला आहे. ते बोलणं खोटं पडू नये म्हणून मी नंतर कितीतरी रविवार ती गाडी उघडत राहिलो. चांगले असलेले बुश काढायचे, पुसायचे, ग्रीस लावून पुन्हा बसवायचे. वडील शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि मागेन तो पाना द्यायचे. थकून जायचो मी, अगदी जीव नकोसा व्हायचा. पण दर वेळी बुश उजेडात धरून, कुठे झीज दिसते का ते मी मनापासून शोधायचो. कधी दिसली नाही.