करंड्यावरचं नाव

नवी पेठेच्या मागच्या बोळात शिवलिंगप्पा भांड्यांना चांदीचा मुलामा देतात. मी शेजारचा बांगडीवाला. बायको सिद्धेश्वरी गेल्यापासून ते कुणाशी बोलत नाहीत, नुसते मुलाम्याच्या टाकीतल्या पाण्याकडं बघत बसतात. मला राग येतो. शेजारी जिता माणूस बसलाय की!

त्या पाण्यात दिसत तर काहीच नाही. चांदीच्या पत्र्याला विजेची धन तार, भांड्याला ऋण. पत्र्यातला चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडतो, त्याचा आयन होतो आणि पाण्यात उतरतो. असतो, पण दिसत नाही. भांड्यापाशी त्याला इलेक्ट्रॉन मिळाला की पुन्हा चांदी होऊन तिथंच बसतो.

मोहोळला दिलेली लेक ऋतुजा आईचा कुंकवाचा करंडा न्यायला येणार होती. तांब्याचा, वर जाड मुलामा, झाकणावर माहेरच्यांनी बारीक ठिपक्यांनी घातलेलं सिद्धेश्वरीचं नाव. घरातल्या बाकी सगळ्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव, तिचं एवढंच. तो लखलखीत करून लेकीच्या हाती द्यायचा, एवढाच त्यांचा ध्यास.

जुन्या भांड्याला ते आधी जरा वेळ तारा उलट्या जोडतात, म्हणजे वरची काळवंडलेली चांदी आयन होऊन पाण्यात निघून जाते. तशा जोडल्या आणि चार वाजले. चारला सिद्धेश्वरी वरून चहाला हाक मारायची. हाक येणार नाही हे ठाऊक असूनही ते रोज वर जातात. वीज चालू ठेवून तसेच गेले, चहा केला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात बसून राहिले.

खाली आले तेव्हा करंडा नुसता तांबडा. ठिपके चांदीपुरतेच उथळ होते, तिच्याबरोबर गेले.

"आप्पा, तारा बदला की. चांदी पाण्यातच हाय," मी म्हणालो.

"चांदी यील. नाव न्हाय येत."

तारा बदलल्या. चांदी आली, कोरी, सपाट.

दुसऱ्या दिवशी ऋतुजानं करंडा फिरवून पाहिला आणि हसली. "नवा कशाला आणला, आप्पा? मला आईचाच पायजे."

आप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"आईचा माझ्याजवळ राहू दे," ते म्हणाले. "लई एकटं वाटतं गं. तू ह्यो ने."

तिचे डोळे भरून आले. नवा समजून आईचाच करंडा पिशवीत घालून ती मोहोळला गेली, आणि आप्पांपाशी काहीच उरलं नाही.