माशांची भावकी

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना, बैलाच्या मानेला लोणी-हळद चोळता चोळता, माझं बोट आत गेलं. कोळपणीत जुवाखाली झालेल्या जखमेत आसडी पडली होती. माशीच्या अळ्या जिवंत मांस पोखरत होत्या. ह्याच जोडीवर आम्ही नवरा-बायको दरसाल ऊसतोडीला जातो. एक बैल गेला तर गाडी ओढणार कोण? बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याचाही मला कधी एवढा राग आला नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरांनी टर्पेंटाईनचा बोळा भरला. बाहेर आलेली एकेक अळी मी चिमट्यानं धरून दगडावर चिरडली आणि खरं सांगतो, लई बरं वाटलं.

लेक बीडला बी.एस्सी. करते. सणाला आली होती. म्हणाली, "अप्पा, डास, चिलटं, गोमाशी, समदी एकाच घराण्यातली हायत. दोनच पंख. मागच्या पंखांच्या जागी बारीक गाठी राहिल्यात, तोल सांभाळायला. मूळ एकच, लई जुनं. मग कुणी रक्तावर जगलं, कुणी शेणावर, कुणी फुलावर. काहींच्या अळ्या तर कपाशीवरचा मावा खात्यात. समद्याच वाईट न्हाईत."

मी एवढंच ऐकलं, की ही सगळी एक भावकी. आमच्याकडं एकानं कुरापत काढली की त्याच्या चुलत्या-पुतण्यांनाही कुणी सोडत नाही.

पंधरा दिवसांत जखम भरत आली, अळी एकही उरली नव्हती. लेक कधीच परत गेली होती. माझा राग मात्र जागेवरच होता. एका सकाळी कपाशीचा पंप पाठीवर घेतला, औषध दुप्पट घातलं. गोठा, गव्हाण, उकिरडा, शेवटी त्या बैलाची पाठसुद्धा भिजवली. माशा पटापट पडल्या. "सोडतो व्हय तुमाला?" असं मी त्यांना म्हणालोसुद्धा.

दुपारी बैल अंग चाटत उभा होता. थोड्या वेळानं तोंडातून लाळ गळायला लागली, पाय थरथरले, आणि तो खाली बसला. डॉक्टर आले. जखमेकडं त्यांनी बघितलंही नाही.

"अंगावर काय मारलंय?"

"काही न्हाई," मी म्हणालो.

ते दुसरंच काही शोधत राहिले. बायको माझ्याकडं बघत होती. शेवटी तीच बोलली, "कपाशीचं मारलंय, साहेब." डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन भरलं, पण बैलानं तोवर मान टाकली होती.

गावात कुणी विचारलं, तर मी अजून सांगतो, माशीनं खाल्ला. बायको तेवढ्यापुरती उठून आत जाते.