दिव्याखालची अंडी

ताईच्या घरी सुतकात मी जो अभिनय केला, तसा गिरगावातल्या गणपतीच्या स्टेजवरही मला कधी जमला नाही. आणि तिथं मी एकदा एकाच अंकात राजा, हुजऱ्या आणि पडद्यामागचं वादळ अशी तिन्ही कामं केली आहेत!

गेले होते ताईचे यजमान, माझे भाऊजी. लालबागच्या चाळीत दोन खोल्या, माझगावच्या गोदीतून निवृत्ती, आणि वेड एकच, कोंबड्यांचं. गच्चीवर चाळकऱ्यांच्या मेहेरबानीनं एक खुराडं होतं, त्यात चार गावठी कोंबड्या. पण जीव अडकला होता जर्मनीतल्या एका कोंबड्यात. काळाभोर, पिसांना सोनेरी किनार, आणि बांग अशी लांबलचक की देता देता तो पुढे चालत जातो. भाऊजी मोबाईलवर तो व्हिडिओ लावायचे, एक हात वर धरायचे आणि डोळे मोठे करून म्हणायचे, "बघ, अजून श्वास घेतला नाही पठ्ठ्यानं! गिरणीचा भोंगा बंद झाल्यापासून लालबाग वेळेवर उठत नाही. आता हा उठवेल."

त्या जातीची अंडी रीतसर परवाना काढून मागवणारा एक व्यापारी त्यांना पनवेलकडे सापडला. त्याच्या मालात भाऊजींनी एक डझनाचा वाटा घेतला आणि वाट बघायला बसले. दिल्लीचा परवाना आला, तिकडच्या जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आला, तेवढ्यात कुठंतरी बर्ड फ्लू निघाला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. असं दोनदा झालं. मधल्या काळात भाऊजींनी अंडी उबवायची पेटी स्वतःच्या हातांनी केली. प्लायवूडचा खोका, आत बल्ब, चिमुकला पंखा, पाण्याची वाटी, मागच्या बाजूला काचेची उघडती खिडकी. "हॉस्पिटल तयार आहे," ते म्हणायचे, "पेशंट विमानात बसायचेत."

आणि एका दुपारी जेवून हात धुताना भाऊजी मोरीतच कोसळले, ते उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन माझ्या खिशात वाजला. पनवेलचा व्यापारी होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. मोठ्या खुशीत म्हणाला, "काका, अभिनंदन! कस्टममधून अंडी सुटली. घेऊन जा, आणि लवकर मशीनमध्ये लावा. आठवड्याच्या वर ठेवलीत तर आतला जीव जातो."

मी ताईच्या कानाशी लागलो. ती कालपासून भिंतीकडे बघत बसली होती. माझं ऐकून तिनं पहिल्यांदा मान वळवली. "आण," म्हणाली.

"अगं, सुतक आहे. तेरावं होईस्तोवर या घरात अंडं? दादा मला जिन्यावरून खाली टाकतील. त्यापेक्षा पेटी माझ्या घरी नेतो. मला कुठं सुतक आहे?"

तिनं नुसती नजर कोपऱ्याकडे नेली. खोली लहान, भेटायला येणाऱ्यांची गर्दी, कुणाचा पाय लागू नये म्हणून गेलेल्या माणसासाठीचा दिवा उंचावर ठेवला होता. ताटात पीठ पसरलेलं, पिठावर पणती, आणि ताट थेट त्या पेटीवर! दादांनी, म्हणजे गावाहून आलेल्या ताईच्या थोरल्या दिरांनी, आपल्या हातानं ठेवलेलं. तो दिवा तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही आणि जागचा हलवायचा नाही. पेटी म्हणजे काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, जुनं स्टूल असेल असं वाटलं.

"पेटी हलणार नाही," ताई म्हणाली. "अंडीच इथं येतील."

मी पनवेलहून अंडी आणली, टोक खाली करून एक दिवस घरी स्थिरावू दिली, मग टॉवेलात गुंडाळून मोठ्या स्टीलच्या डब्यात भरली. सुतकाच्या घरी आप्त जेवण पोचवतातच. डबा घेऊन मी लालबागचा जिना चढलो, चेहऱ्यावर सगळं कुळ बुडाल्याची कळा. दारातच ताईच्या चुलतसासूबाईंनी हात पुढे केले.

"आणा इकडे, वाढते."

"नको, नको! मऊभात आहे, फार गरम आहे."

"डबा तर थंडगार लागतोय."

"आतून गरम आहे," मी म्हणालो, आणि अगदी खरा हुंदका दिला.

तेवढ्यात ताई उठली. सगळ्यांना म्हणाली, "मला जरा त्यांच्यापाशी एकटीला बसू द्या." खोली क्षणात रिकामी झाली. कुणी मान वर केली नाही. मी दार लोटून पाठ लावून उभा राहिलो. हसू आवरत होतो, तोवर ताईचे हात दिसले. एकेक पांढरं अंडं ती आत ठेवत होती आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं छोटी फुली करत होती, फिरवलेली बाजू कळावी म्हणून. हे तिला भाऊजींनी शिकवलं होतं. शेवटचं अंडं ठेवून तिनं बल्ब आणि पंखा चालू केला आणि म्हणाली, "ते गेले. ही तरी जायला नकोत रे." माझं हसू तिथंच गेलं.

त्यानंतर ताई दिव्यापाशी बसली ती उठेचना. दिवसातून कितीदा तरी पणतीत तेल घालायची आणि पदराआडून हात मागे नेऊन अंडी फिरवायची. बायका म्हणायच्या, "काय सेवा करते हो!" मी गंभीरपणे मान हलवायचो. खोटं तरी काय होतं त्यात?

तेराव्याला दिवा उचलायच्या आधी बायका पीठ बघायला वाकल्या. त्या पिठात पाऊल उमटतं, गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं, असं आमच्याकडे मानतात. पिठात पाऊल नव्हतं, पण ताटभर बारीक लाटा उठल्या होत्या.

"साप गो! नागमोडी दिसतंय."

"साप कसला? समुद्र आहे तो. गोदीत होते ना."

 दादांनी ताट उचलून चुलतसासूबाईंच्या हाती दिलं आणि पेटीवर तळवा टेकवला. पेटी थरथरत होती, आतला पंखा चालू होता. मी दाराच्या दिशेनं सरकलो.

"आत कोण आसा?" दादांनी विचारलं.

"त्यांची अंडी," ताई म्हणाली. "परदेशातली. ते गेल्यावर आली."

"सुतकात?"

"हो, सुतकात. मीच आणवली."

बायकांचे पदर तोंडाला गेले. दादा खाली बसले, खिडकीच्या काचेला डोळा लावून कितीतरी वेळ आत बघत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "माका कित्याक नाय सांगलंस? रातभर मी जागोच असतंय. मी फिरवली असती."

त्यानंतर दादा गावी गेलेच नाहीत. दिवसा ताई अंडी फिरवायची, रात्री दादा. पण विमानाच्या प्रवासात बरीच अंडी आतून हलली होती. टॉर्च धरून बघितलं की एकेक कोरं, जीव न धरलेलं निघायचं, आणि दादा ते गुपचूप बाहेर नेऊन ठेवायचे. शेवटी एकच फुटलं. काळं, ओलं, डोळ्यांपेक्षा चोच मोठी, असं पिल्लू बाहेर पडलं आणि पडल्या पडल्या झोपलं.

ती कोंबडी निघाली. गच्चीवर आहे, चांगली धडधाकट आहे, आणि कोंबडीच असल्यामुळे बांग काही देत नाही. हे नक्की कळलं त्या दिवशी मी घाबरत घाबरत ताईला विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

ती दाणे टाकत होती. "कोंबडा असता तर चाळीनं दुसऱ्या दिवशी खाली पाठवला असता," म्हणाली आणि हसली. भाऊजी गेल्यावरचं ते पहिलं हसणं. मग खुराड्याच्या जाळीला धरून ती खाली बसली आणि रडली. मी तिच्या हातातलं दाण्यांचं भांडं घेतलं आणि उरलेले दाणे टाकत राहिलो.