बुधवारची नोटीस

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. एरवी माझ्या फजित्या मीच वाढत असतो — टपरीवर, कंपनीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. भलत्याच्याच साखरपुड्यात जाऊन आहेर देऊन, जेवून, फोटो काढून आलो होतो, ती तर लोक मागून मागून ऐकतात. ही मात्र मी कधी वाढली नाही. हिच्यात हसण्यासारखं नाही असं नाही, पुष्कळ आहे. पण सांगायला बसलो की मी विषय बदलतो.

सुरुवात कुठून करू? खंडोबापासून करतो.

चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हा चिखलीत खोली बघायला गेलो. घरमालकिणीने नाव विचारलं. सुधीर शिंदे. गाव? नगरकडचं. मग तो प्रश्न आला, जो आपल्याकडे चहाच्याही आधी येतो — "कुलदैवत कोणतं तुमचं?" आता, माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, नाव शमुवेल. आई चर्चमध्ये पेटी वाजवायची. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. पण दारात उभा, बगलेत गादीची वळकटी, आणि खोली हवी होती — मी म्हणालो, "खंडोबा." बाई खूश. त्यांचाही खंडोबाच निघाला! पुढच्याच रविवारी त्यांनी मला आपल्याबरोबर जेजुरीला नेलं. भंडाऱ्याने पिवळाजर्द होऊन मी घरी आलो आणि आरशात बघून मलाच नमस्कार करावासा वाटला. हसा, इथपर्यंत हसायला हरकत नाही.

खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. मधल्या नावातला "एस" कशाचा, असं कोणी विचारलं की मी "सदाशिव" म्हणू लागलो. बापाचं नाव पुसलं — आणि तेही हसत हसत. वंदनाशी लग्न रजिस्टर पद्धतीने केलं. ती हिंदू घरातली; तिला माझं घर माहीत होतं. पण "मला त्यातलं काही नाही गं," असं मी तिला सांगून टाकलेलं. मला स्वतःलाही तसंच वाटायचं. वीस वर्षं वाटत होतं.

मग पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला, चौथ्या मजल्यावर. काही वर्षांनी आमच्या बरोबर खाली साळवेमावशी राहायला आल्या. सुवार्ता साळवे — निवृत्त नर्स, एकट्या, बुटक्या, मोठ्याने हसणाऱ्या. दर बुधवारी संध्याकाळी सातला त्यांच्याकडे सात-आठ बाया जमायच्या. थोडं शास्त्रवाचन, थोडी प्रार्थना, आणि भजनं. मराठी भजनं, पेटीवर, अभंगाच्या चालीतली. आमच्या गावच्या चर्चमध्ये म्हणायचे — तीच.

आमच्या बाथरूमच्या मागे पाइपांसाठी डक्ट आहे. त्यातून खालच्यांची भांडणं वर येतात, फोडणीचा वास येतो. एका बुधवारी भजन आलं. मी पाय धूत होतो. नळ बंद केला, बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसलो. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यापर्यंत पँट वर केलेली, डोळे मिटलेले. पुढच्या बुधवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. वंदनाला वाटलं माझं पोट बिघडलंय. तिने इसबगोल आणून ठेवलं. मी ते घेतलंसुद्धा! काही तरी कारण नको का द्यायला?

पण त्या पाऊण तासात काय व्हायचं ते कसं सांगू? आई शेवटचं कडवं फार संथ घ्यायची, संपूच नये म्हणून घेतल्यासारखं. खालची एक बाई अगदी तसंच घ्यायची. मी ओठ न हलवता म्हणत बसायचो. इतकी वर्षं उपाशी ठेवूनही शब्द एकसुद्धा मेला नव्हता.

मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं — दर बुधवारी बाहेरच्या बायका कशाला येतात? प्रार्थना की धर्मांतर? अहो, त्या बायांना रस्ता ओलांडायला माणूस लागायचा. त्या कोणाला कुठे नेणार? पण विषय निघाला तो मीटिंगपर्यंत आला. चेअरमन बबनराव, मूळ इथल्याच गावचे, ते म्हणाले, "जाऊ द्या हो, म्हाताऱ्या बाया हायत्या. गात्यात, गाऊ द्या." तिथेच संपलं असतं — हे नीट लक्षात ठेवा, तिथेच संपलं असतं. एवढ्यात कोणीतरी मला विचारलं, "शिंदे, तुम्ही तर बरोब्बर वर राहता. तुम्हाला त्रास नाही होत?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या बघण्यात काही नव्हतं हो. साधा प्रश्न होता. पण मला वाटलं, यांना बादली दिसली. मी म्हणालो, "होतो ना. किती दिवस बोलीन बोलीन म्हणतोय."

बबनराव माझ्याकडे जरा बघत राहिले. मग म्हणाले, "मंग तुमीच लिवा नोटीस. तुमचं मराठी झ्याक हाय. पण गोड लिवा राव, बाईला लागाया नको."

मी क्वालिटीत आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. आमच्याकडे गेज असतो. पार्ट त्यातून गेला तर पास, अडकला तर रिजेक्ट. मी घरी बसून तसा गेज बनवला. धर्माचा शब्द कुठेही नाही. "दर आठवड्याला ठरावीक वारी, सोसायटीबाहेरील व्यक्तींना बोलावून, वाद्यांसह होणारे सामूहिक कार्यक्रम सदनिकेत घेऊ नयेत." मग एकेक पार्ट त्यातून घालून पाहिला. सत्यनारायण? वर्षातून एकदा — पास. गणपती, नवरात्र? पास. मंगळवारचं महिला भजनी मंडळ? सगळ्या इथल्याच — पास. अडकत होती फक्त साळवेमावशींची सभा. दुसऱ्या कोणाला हे इतकं नेमकं जमलं नसतं. आमच्या सभा कशा चालतात, कोण येतं, पेटी का लागते — हे आतल्या माणसालाच माहीत. सगळ्यांनी माझी तारीफ केली. सही बबनरावांनी केली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ही गोष्ट मी कुठेतरी सांगून मोकळा झालो असतो. पण दोन दिवसांनी साळवेमावशी आमच्याकडे आल्या. नोटीस हातात, चष्मा गळ्यात. "शिंदेभाऊ, चेअरमन म्हणाले तुम्ही छान लिहिता. मला एक उत्तर लिहून द्या ना." नोटीस कोणी लिहिली हे त्यांना माहीत नव्हतं. आजही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं — पेटी बंद करू, खिडक्या लावून घेऊ, हळू आवाजात म्हणू, पण बुधवार राहू द्या.

चार ओळींचं काम. बबनराव लगेच हो म्हणाले असते. मी काय लिहिलं? "झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. यापुढे सभा घेतली जाणार नाही."

मावशींनी कागद दोनदा वाचला. "घेतली जाणार नाही, असं लिहिलंत?"

"मावशी, सध्या वातावरण बरं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

त्यांनी सही केली. नर्सची सही, घाईची, वळणदार.

का केलं? भीती होती, असं म्हणता येईल. पण मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. खरं ते असं — हळू आवाजातलं गाणंसुद्धा डक्टमधून वर आलंच असतं, आणि मी बसलोच असतो. आणि एखाद्या बुधवारी माझा आवाज खाली गेला असता. ते गाणं मला इतकं हवं होतं, की ते बंद झाल्याशिवाय माझी सुटका नव्हती. माझ्या सुटकेसाठी मी ते आठ बायांच्या तोंडून काढून घेतलं.

जाताना मावशी दारात थांबल्या. "एवढं केलंत माझ्यासाठी. तुमच्या घरासाठी छोटीशी प्रार्थना करू? तुमच्यात चालेल ना?" मी चालेल म्हणालो. चपलांच्या रॅकशेजारी उभं राहून त्यांनी डोळे मिटले. या घराला शांती दे, या भावाच्या हातांना यश दे — असं काहीतरी. मग त्या थांबल्या. आमच्या घरांत वाढलेल्याला ती जागा कळते. ती दुसऱ्यांनी "आमेन" म्हणायची जागा असते. शब्द जिभेवर येऊन उभा होता. मी गिळला. मावशींनी थोडी वाट पाहिली आणि स्वतःच म्हणून टाकलं. "तुम्हाला सवय नसते ना," म्हणाल्या, आणि हसल्या.

बाकीच्या बाया आता काळेवाडीत कोणाच्या तरी खोलीवर जमतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मावशींच्या गुडघ्यांना ते जमत नाही. बुधवारी सातच्या सुमारास त्या खाली पार्किंगशेजारच्या बाकावर बसून असतात. मी येतो, त्या सरकून जागा करतात, मी बसत नाही. परवा त्यांनी विचारलं, "बाकीचे दिवस तुम्हाला नऊ वाजतात, शिंदेभाऊ. बुधवारीच कसे लवकर येता?"

"बुधवारी ओव्हरटाइम नसतो, मावशी," मी म्हणालो.

ओव्हरटाइम होता. मीच तो नको सांगून आलो होतो.