कौसल्या आत्याच्या लालसरी

आत्या गेल्याचा फोन आला तो हिंदीतून. "दीदी, बुआ नहीं रही," धाकटा भाऊ म्हणाला, जरा थांबला, आणि पुढे म्हणाला, "लालसरी अभी तालाब पर ही हैं." रडता रडता मला हसू आलं. आत्याच्या मरणाची बातमी अशीच पूर्ण व्हायला हवी होती.

कौसल्या आत्या मध्य प्रदेशातल्या वारासिवनीच्या बाजारात मासे विकायची. गावच्या तलावावर थंडीत उत्तरेकडून लालसरी उतरतात. नारिंगी डोक्याची, लाल चोचीची बदकं. फागुनात परत निघण्याआधी दिवसभर बुड्या मारून पोट भरतात. बुडी मारतं ते मासोळीच खातं, हा आमच्या मासेमारांचा पक्का समज. एका वर्षी मासोळी घटली, तेव्हा मासेमारांच्या समितीने ठरवलं, सकाळी सुतळी बॉम्ब फोडून पाखरं हाकलायची. नको म्हणणारी आत्या एकटी. "लेक लांब निघाली तं तिले उपाशी धाडता का गा?" लोक हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे काठावर पोचलो तर जाळ्यात गुरफटून एक लालसरी मेलेली. जाळं आमच्याच घरचं... समितीचे अध्यक्ष सुकरामभाऊ पाखरू उचलून म्हणाले, "पाहा, चोर सापडला!" आत्याचे डोळे भरून आले. मग तिने पदर खोचला, बाजारात न्यायची विळी मांडली आणि सगळ्यांसमोर पाखराचं पोट उघडलं. आत गवताची मुळं, बारीक खडे, दोन-चार गोगलगायी. खवला एकही नाही.

"काहून गा सुकरामभाऊ, माही मासोळी कोठी हाये? दाखव मले!"

सुकरामभाऊ बराच वेळ बोटाने चिवडत राहिले. "नाही वो बाई," शेवटी म्हणाले. हातच्या कंकणाला आरसा कशाला! बॉम्ब पिशवीतच राहिले. आत्याने लगोलग दुसरी गोष्टही कबूल करून घेतली: दरवर्षी पाखरं जाईपर्यंत तलावाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात कोणी जाळं टाकायचं नाही, तिच्या घरच्यांनीसुद्धा. जिंकलेल्या माणसाने नम्र असावं म्हणतात. आत्या महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला मासोळीबरोबर ही गोष्ट फुकट देत होती, आणि मला तिचा भारी अभिमान वाटत होता.

तेरवी आटोपून मी तलावावर गेले. धाकधूक होती... आता अडवणारं कोण? उत्तरेचा कोपरा लालसरींनी गजबजला होता. तेवढ्यात शेजारच्या गावचा एक जण खांद्यावर जाळं टाकून त्या बाजूला उतरू लागला, आणि बांधावरून सुकरामभाऊंचा खणखणीत आवाज आला,

"थांब गा! पाखरं जेवून राह्यले न!"